स्पिटहेडच्या खलाशांच्या मागण्यांविषयी

आरमारी जहाजांवरील बंडे प्रामुख्याने फटक्यांच्या शिक्षेमुळे होत, असे एक मत आहे. १७९७ चा इतिहास मात्र याहून गुंतागुंतीचा आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये पोर्ट्समथजवळ स्पिटहेड येथे ब्रिटिश ताफ्यातील खलाशांनी नांगर उचलण्यास नकार दिला, तेव्हा त्यांच्या अर्जात फटके बंद करण्याची मागणीच नव्हती. १६५० च्या दशकापासून न वाढलेला पगार, सोळाऐवजी चौदा औंसांच्या पौंडाने मोजून दिला जाणारा शिधा आणि आजारी व जखमी खलाशांची आबाळ, ही त्यांची गाऱ्हाणी होती. प्रत्येक जहाजाने दोन प्रतिनिधी निवडले, शिस्त कसोशीने पाळली आणि फ्रेंच आरमार बाहेर पडल्यास आपण लढायला निघू, असेही कळवले. ही संयमी एकजूट मला अत्यंत आदरणीय वाटते. सरकारला पगारवाढ व माफी द्यावी लागली.

थेम्स नदीच्या मुखाजवळील नोर येथील त्यानंतरचे खलाशांचे बंड मात्र मोडले गेले आणि त्याचा नेता रिचर्ड पार्कर याला ३० जूनला फाशी झाली.

क्रौर्यातून उद्भवलेले बंड पाहायचे असेल, तर त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील 'हर्मायनी' या ब्रिटिश युद्धनौकेचे उदाहरण घ्यावे. डोलकाठीवरून शेवटी उतरणाऱ्यांना फटके मारण्याची धमकी कॅप्टन ह्यू पिगॉटने दिली. घाईत तिघे डेकवर कोसळून मेले, आणि त्यांचे मृतदेह समुद्रात फेकण्याचा हुकूम त्याने अपमानास्पद शब्दांत दिला. दुसऱ्याच रात्री खलाशांनी त्याला व बहुतेक अधिकाऱ्यांना ठार केले आणि जहाज स्पॅनिशांच्या हवाली केले. आरमाराने पुढे अनेक वर्षे या खलाशांचा माग काढून वीसहून अधिक जणांना फासावर चढवले.