नोकरी सोडून नट व्हावं का? माझं मत : इतक्यात नको

रंगपट : एकांकिका स्पर्धेत करंडक मिळाला की पोरं पदवीच्या निकालानंतर थेट मुंबई गाठतात. चौघांत एक खोली घ्यायची आणि दिवसभर मोबाइलवर सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच चित्रित केलेली ऑडिशन, पाठवत बसायचं. दोन वर्षांत कामातला आनंदच आटतो, हे मी जवळून पाहतोय. पहिली काही वर्षं नोकरी टिकवा. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन; ते १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ रंगभूमीवर आले. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ असूनही ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना गाजवून गेले. घरात पगार येत असला की भिकार भूमिकेला नाही म्हणता येतं.

तिसरी घंटा : अजिबात पटलं नाही. लागूंची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. त्यांनी प्रॅक्टिस सोडली आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७० मध्ये, त्यांची मुख्य भूमिका असलेलं ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं. दवाखाना सांभाळून ती भूमिका आणि ते दौरे झेपले असते? आजही तेच. रविवारी रात्री कोल्हापूरचा प्रयोग संपतो, नेपथ्य उतरतं, जेवणं होतात, मग बस निघते. सकाळी नऊला ऑफिसात काय डोंबल बसणार? मालिकेत तर बारा-बारा तासांची शिफ्ट, उद्याचा कॉलटाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, आज रात्री कळतो. कुठला साहेब अशी रजा देईल?

रंगपट : मालिकेचं मान्य. पण तिथले पैसे बऱ्याचदा नव्वद दिवसांनी हातात पडतात. तोवर भाडं कोण भरणार? नाटकाची नाइट, म्हणजे प्रयोगामागचं मानधन, मिळते, पण प्रयोग लागला तर. जूनमध्ये पाऊस आणि शाळांची फी एकदमच येतात, बुकिंग बसतं. त्या महिन्यात घाबरलेला नट मिळेल ते उचलतो.

विंगेतून : नोकरीच हवी तर ती आपल्याच कामातली का नको? मी डबिंग करते. कानात मूळ आवाज, समोर पडद्यावर परक्या नटाचे ओठ, आणि त्याने श्वास कुठे घेतला तोसुद्धा पकडायचा. वाक्य अर्ध्या अक्षराने लांबलं की पुन्हा टेक. दिवसभर हे केलं की संध्याकाळच्या तालमीत जीभ आपोआप तयार असते. ऑफिसात आठ तास बसून हे मिळत नाही.

तिसरी घंटा : ताई, हे आवडलं. मात्र डबिंगचंही रोज बोलावणं येतंच असं नाही, तेव्हा रंगपट म्हणतात ती भाड्याची काळजी तिथेही आहेच.

रंगपट : म्हणूनच म्हणतो. प्रशांत दामले बेस्टमध्ये नोकरी करत रंगमंचावर उभे राहिले.

तिसरी घंटा : आणि पुढे ती सोडली! नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला. एवढे प्रयोग मस्टरवर सही करून होत नाहीत. तुमची पोरं सोडतील कधी, तेवढं सांगा.

रंगपट : पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा डायरीत लागतील तेव्हा. त्याआधी नाही.