नवीन लॉनच्या शीट कडेने पिवळ्या पडताहेत. पाणी कमी पडतंय की जास्त होतंय?

प्रश्न (अंगण_नाशिक): बंगल्यापुढे 600 चौरस फुटांत सिलेक्शन वन या लॉनच्या गवताच्या तयार शीट (मातीसकट कापलेले गवताचे तुकडे) गेल्या आठवड्यात अंथरल्या. खाली चार इंच लाल माती आणि शेणखत. मे महिन्याचं ऊन आहे. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं पाइपने पाणी देतोय, तरी कडा पिवळ्या पडून वर उचलल्या जाताहेत. नळाजवळ मात्र चिखल होतोय. खत द्यावं का? पहिली कापणी कधी करावी?

मातीमित्र: खताला आत्ता हात लावू नका. आधी पिवळ्या शीटचा एक कोपरा उचला आणि खालच्या मातीत बोट खुपसून बघा. शीटसोबत आलेली माती बहुतेक वेळा चिकण काळी असते. ती पाणी स्वतःत धरून ठेवते, पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या मोकळ्या लाल मातीत सोडत नाही. वरून ओलं दिसतं आणि मुळांना उतरायला खाली ओल नसते.

मिनिटांवर जाऊ नका, लिटर मोजा. 1 चौरस मीटरवर 1 लिटर म्हणजे 1 मिमी पाणी. तुमचं लॉन सुमारे 56 चौरस मीटर, म्हणजे 5 मिमीला 280 लिटर लागतील. पाइपने 20 लिटरची बादली भरायला एक मिनिट लागत असेल तर 14 मिनिटं झाली, तीही सगळीकडे सारखी फिरवून. बहुतेकांचं पाणी नळाजवळच जास्त पडतं.

अंगण_नाशिक: कोपरा उचलला. खाली कोरडी भुरभुरीत माती आहे, मुळं अजिबात नाहीत.

मातीमित्र: मग एकदा 15 मिमी, म्हणजे साधारण 840 लिटर द्या. सलग नको, वाहून जाईल. अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन हप्ते करा. त्यानंतर या उन्हात रोज दोनदा 4-5 मिमी द्या. दुसरी पाळी पाच वाजेपर्यंत उरका. रात्रभर पाती ओली राहिली तर बुरशी धरते.

हरळीप्रेमी: कडा आधी सुकतात कारण तिथे वारा वरून आणि बाजूनेही लागतो. सांध्यांत चाळलेली माती आणि बारीक वाळू निम्मी-निम्मी भरा. भिजवल्यावर फळी टाकून तिच्यावर उभं राहून दाबा, म्हणजे शीट खालच्या मातीला चिकटेल. नुसत्या पायांनी दाबलंत तर खड्डे राहतील. पिवळी शीट लगेच फेकू नका. कडेची कांडी नखाने खरवडून बघा. आत हिरवी असेल तर पाती जळाली तरी पुन्हा फुटेल.

नळाजवळची शीट उचलून खाली माती भरा आणि पाणी वाहून जाईल असा उतार द्या. तिथलं पाणी मात्र आजपासूनच कमी करा.

लॉनमाळी: कापणीसाठी तारीख बघू नका. शीट हाताने हलकेच ओढा, उचलली गेली नाही तरच मशीन फिरवा. गवत तीन इंच झालं की दोनवर आणा, एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. आदल्या दिवशी पाणी बंद ठेवा आणि पातं धारदार असू द्या, नाहीतर शेंडे फाटून तपकिरी पडतात.

खत पाच-सहा आठवड्यांनी, मुळं धरल्यावर. युरिया चौरस मीटरला 10 ग्रॅम, म्हणजे एकूण 560 ग्रॅम. कोरड्या पात्यांवर फेका आणि लगेच पाणी द्या. शेणखत कच्चं होतं का? कच्च्या शेणखतातून हुमणी येते. अळ्या मुळं खातात आणि शीट चटईसारखी गुंडाळली जाते. शिवाय लव्हाळा दिसला की खालच्या गाठीसकट खुरप्याने काढा, नुसता ओढला तर गाठ मातीतच राहते.