निकेआच्या आधी येशू फक्त माणूस होता का?

वरच्या एका प्रतिसादात म्हटलंय की येशूला आधी नुसता माणूसच मानत होते, आणि इ.स. ३२५ मध्ये निकेआला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन त्याला देव केलं. हे बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, पण ते खरं नाही.

त्याच्या दोनशे वर्षं आधी, ११२ च्या सुमारास, प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्रेजनला कळवतो की ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात. खरंखोटं पडताळायला दोन दासींचा छळ केला, हेही तो त्याच पत्रात लिहून जातो. त्या दोघींची नावं त्याने दिलेली नाहीत. ते वाक्य माझ्याच्याने पटकन ओलांडून पुढे जाववत नाही. आणि प्लिनी आजच्या तुर्कस्तानातल्या ज्या बिथिनियाचा कारभार बघत होता, निकेआ त्याच प्रांतातलं!

मग निकेआत वाद कशाचा होता? या वादातला अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियससुद्धा येशूला नुसता माणूस म्हणत नव्हता. त्याचं म्हणणं, पुत्र, म्हणजे येशू, सगळ्या सृष्टीच्या आधीचा, पण पित्याने, म्हणजे देवाने, निर्माण केलेला. परिषद म्हणाली, निर्माण केलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व. ग्रीकमध्ये ‘होमोऊसिओस’. पुढे काहींनी ‘होमोइऊसिओस’, म्हणजे समानतत्त्व, हा शब्द सुचवला. फरक एका अक्षराचा!

सम्राटाच्या हुकमाने प्रश्न मिटला असता, तर निकेआची बाजू लढवणाऱ्या अथनेशियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली नसती. पहिली तर खुद्द कॉन्स्टंटाइननेच दिलेली.