तरुण प्राध्यापकांसाठीच्या संशोधन अनुदानाचा प्रस्ताव: सात उद्दिष्टे जास्त होतात का?

प्रश्न (सहायक प्राध्यापक, वनस्पतिशास्त्र, रावेर तालुका)

सर्वांना नमस्कार. मी एका अनुदानित महाविद्यालयात नियमित पदावर असून अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या ‘प्रधानमंत्री अर्ली करिअर रिसर्च ग्रँट’साठी पहिल्यांदाच अर्ज करीत आहे. विषय केळीवरील कुकुंबर मोझॅक विषाणूचा, म्हणजे आपल्याकडच्या हरण्या रोगाचा आहे. मसुद्यात सात उद्दिष्टे झाली आहेत: रोगाचे सर्वेक्षण, विषाणूच्या प्रकारांची ओळख, मावा किडीचा अभ्यास, प्रतिकारक्षम वाणाचा शोध, निदानाचे किट, शेतकऱ्यांसाठी ॲप आणि हवामानावर आधारित पूर्वसूचना. उद्दिष्टे जितकी अधिक तितका प्रस्ताव भारदस्त दिसतो, असे विभागातील ज्येष्ठांचे मत आहे. मला त्याची खात्री वाटत नाही. शिवाय आमच्या प्रयोगशाळेत पीसीआर यंत्रही (नमुन्यातील जनुकीय अंश वाढवून विषाणू ओळखण्याचे यंत्र) नाही. मोठ्या संस्थांच्या अर्जांपुढे आमच्यासारख्यांनी नेमके काय मांडावे, याविषयी मार्गदर्शन व्हावे.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, धुळे)

सर, आपली शंका रास्त आहे. असे प्रस्ताव तपासण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. सात उद्दिष्टे दिसली की परीक्षकाच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की एक प्राध्यापक आणि एक संशोधन सहायक मिळून तीन वर्षांत यातले काहीच धड पुरे करणार नाहीत. ॲप, किट आणि पूर्वसूचना आजच काढून टाका. प्रतिकारक्षम वाण हे तर एका माणसाच्या आवाक्यातले काम नव्हे.

उरलेल्या तीन उद्दिष्टांत एक प्रश्न दडलेला आहे आणि तोच आपल्या प्रस्तावाचा कणा व्हावा: मृगबागेत, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या केळीत, हा विषाणू येतो कुठून? ऊतिसंवर्धित रोपांबरोबर येतो, की बांधावरच्या तणांतून आणि शेजारच्या काकडीवर्गीय पिकांतून मावा तो आणतो? हा विषाणू हजाराहून अधिक वनस्पतींवर जगतो. मावा रोगट पानात सोंड खुपसून काही सेकंदांत तो उचलतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच झटपट सोडतो, त्यामुळे फवारणीने कीड मरण्याच्या आत तिचे काम झालेले असते. म्हणूनच उगम कळणे महत्त्वाचे आहे, आणि हे कारण प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात आले पाहिजे.

या प्रश्नाचा फायदा असा, की त्याची दोन उत्तरे प्रयोगाने वेगळी करता येतात. लागवडीपूर्वी रोपांची चाचणी करा. मग एकाच शेतात काही ओळी कीटकरोधक जाळीखाली आणि काही उघड्यावर लावा. जाळीखालीही रोग दिसला तर संशय रोपांवर जातो. फक्त उघड्यावर दिसला तर माव्यावर. दोन्हीकडे कमी-अधिक दिसला तर काय निष्कर्ष काढाल, हेही आधीच लिहा. परीक्षक नेमके तेच विचारतात. पाऊस-ढगांच्या लहरीमुळे एखाद्या वर्षी रोग आलाच नाही तर काय, याची पर्यायी योजना दोन-तीन वाक्यांत का होईना, पण हवीच.

मोठ्या संस्थेकडे यंत्रे आहेत, पण केळीची शेते आपल्या दाराशी आहेत. हे गाऱ्हाण्याच्या सुरात नको, कार्यपद्धतीचा भाग म्हणून लिहा: दर पंधरवड्याला त्याच झाडांचे नमुने घेणे आपल्याला जमते, ते दूरच्या माणसाला जमणार नाही.

उत्तर २ (विद्यापीठातील प्रकल्पांचे हिशेब पाहणाऱ्या, जळगाव)

मी फक्त अंदाजपत्रकाविषयी लिहिते. या योजनेत तीन वर्षांसाठी साठ लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे, म्हणून अनेक जण आकडा साठाला भिडवतात आणि तिथेच प्रस्ताव ढिला पडतो. कनिष्ठ संशोधन छात्राचे मानधन दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठाचे ४२,००० आहे. पहिली दोन वर्षे कनिष्ठ व तिसरे वर्ष वरिष्ठ धरल्यास १३,९२,००० रुपये होतात, घरभाडे भत्ता वेगळा. पीसीआर यंत्र जरूर मागा, पण जनुकक्रम वाचण्याचे यंत्र मागू नका. ते काम बाहेरून करून घेता येते आणि तो खर्च आवर्ती खर्चात दाखवता येतो. आय-स्टेम या देशभरातील संस्थांची उपकरणे वापरायला मिळवून देणाऱ्या सरकारी पोर्टलवर कोणती उपकरणे वापरायला मिळतात ते पाहून तसा उल्लेख करा. प्रत्येक रकमेपुढे ती कोणत्या प्रयोगासाठी आहे, हे एका ओळीत लिहिलेले असावे.

आणखी एक गोष्ट. कामाचा तक्ता ‘महिना १, महिना २’ असा करू नका. मंजुरी हिवाळ्यात आली आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून यंत्र यायला वेळ लागला, तर जून-जुलैची मृगबाग हातची जाते. तक्ता हंगामांवर बांधा आणि ऑक्टोबरनंतरच्या कांदेबागेतही काय करता येईल ते दाखवा.

उत्तर ३ (प्राध्यापक, चोपडा)

धुळ्याच्या सरांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु शेतकरी प्रस्तावातून पुरता बाहेर पडू नये. जाळी लावायला शेत हवे आणि रोगट झाडे शेतकऱ्याने मध्येच उपटून टाकली तर नोंदी तुटतात. उपटून नष्ट करण्याचाच सल्ला त्याला मिळालेला असतो, त्यात त्याची चूक नाही. त्यामुळे किती ओळी राखून ठेवायच्या आणि त्याची भरपाई कशी द्यायची, हे लेखी ठरवून अंदाजपत्रकात धरावे. जळगावच्या केळी संशोधन केंद्राचे सहकार्यपत्र मिळाल्यास उत्तम. मात्र ‘सर्वतोपरी सहकार्य करू’ या वाक्याला किंमत नसते. कोणती चाचणी, किती नमुने, कोणाच्या देखरेखीखाली, हे त्यात असावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. रोपांची चाचणी व जाळीचा प्रयोग हे पहिले उद्दिष्ट आणि बांधावरची तणे व त्यांतील विषाणूची केळीतील विषाणूशी जनुकक्रमावरून तुलना हे दुसरे, अशी मांडणी करीत आहे. माव्याच्या नोंदी वेगळे उद्दिष्ट न ठेवता पहिल्यातच घ्याव्यात का?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, धुळे)

होय, पहिल्यातच घ्या. पिवळे चिकट सापळे त्याच ओळींत लागणार आहेत. आणि प्राचार्यांचे संस्थेच्या वतीने द्यायचे संमतिपत्र आजच मागून ठेवा; शेवटच्या आठवड्यात ते नेमके दौऱ्यावर असतात.