फिरोज गांधींना 'नेहरूंचे जावई' म्हणून बाजूला सारणं चूक आहे

अर्धविराम:
फिरोज गांधींचा विषय निघाला की आडनाव आणि इंदिरा गांधींशी बिघडलेले संबंध, यापुढे चर्चा सरकतच नाही. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम १९५६ चा संसदीय वृत्तान्त संरक्षण कायदा. आयुर्विमा महामंडळाच्या शेअरखरेदीचं मुंद्रा प्रकरण उघड करणं त्याखालोखाल.

घटनेच्या कलम १०५ मुळे खासदाराला सभागृहातल्या भाषणाबद्दल कोर्टात खेचता येत नाही. सभागृहाच्या अधिकाराने छापलेल्या अहवालालाही संरक्षण आहे. पण तेच भाषण वर्तमानपत्राने छापलं तर संपादकावर अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकत होता. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज यांनी उद्योगपती दालमियांच्या भारत इन्शुरन्स या विमा कंपनीमधल्या पैशांची फिरवाफिरव लोकसभेत मांडली, तेव्हाही ही फट उघडीच होती. मग त्यांनी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, आणलं. वृत्तान्त मुख्यत्वे खरा हवा, द्वेषबुद्धीने छापलेला नको, आणि लोकहितासाठी हवा. एवढं असेल तर दिवाणी-फौजदारी दोन्ही कारवाया बंद. स्वातंत्र्यानंतर खासगी विधेयकांचे कायदे झालेत अवघे १४, त्यातला हा एक.

उलटतपासणी:
तो आकडाच तुमच्या विरोधात जातो. खासगी विधेयकाचं सहसा काय होतं? मंत्री आश्वासन देतात, सदस्य विधेयक मागे घेतो, विषय संपतो. सरकारची इच्छा असल्याशिवाय ते पार होत नाही. मग ती इच्छा पंतप्रधानांच्या जावयासाठी दाखवली गेली असं का म्हणू नये? १९४६ पासून ते 'नॅशनल हेरॉल्ड'चे व्यवस्थापकीय संचालक होते, आणि ते पत्र नेहरूंनीच काढलेलं. घराण्याचा हात वगळून हा माणूस मोजताच येत नाही.

खतावणी:
उलटतपासणी, त्या १४ पैकी ६ एकट्या १९५६ सालातले आहेत. त्या वर्षी सरकारनेच हात सैल सोडला होता, तेव्हा जावयाचा मुद्दा इथे टिकत नाही.

मुंद्राबद्दल थोडं सविस्तर, कारण 'घोटाळा उघड केला' एवढ्याने काहीच कळत नाही. आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ ला सुरू झालं. वर्षही झालं नव्हतं, तोच जून १९५७ मध्ये उद्योगपती हरिदास मुंद्रांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले गेले. जेसप, रिचर्डसन अँड क्रुडास, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन वगैरे. महामंडळाची गुंतवणूक समिती अशाच व्यवहारांसाठी होती. तिला आधी विचारलंच नाही. बचाव असा की कलकत्त्याचा शेअरबाजार सावरायचा होता. बाजार सावरायचा तर खरेदी बाजारात करावी लागते, आणि ती एकाच माणसाच्या कंपन्यांपुरती असून चालत नाही. इथे माल थेट मुंद्रांकडून उचलला. पैसा त्यांच्या हाती गेला, बाजाराला आधार मिळाला नाही. चौकशी करणाऱ्या छागला आयोगाला हा बचाव पटला नाही तो यामुळेच. फिरोज यांचं भाषण १६ डिसेंबर १९५७ चं, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार. सासऱ्यांच्याच मंत्रिमंडळातले.

उलटतपासणी:
व्यवहार गैर होता यावर वाद नाही. पण सभागृहात हा प्रश्न आधी विचारणाऱ्यांत राम सुभग सिंह होते, तेही काँग्रेसचेच. त्यांचं नाव कुणाला आठवत नाही. मंत्री आणि अर्थसचिव यांच्यातला गोपनीय पत्रव्यवहार मात्र फिरोज यांच्या हाती लागतो! साध्या खासदाराने आपल्याच सरकारवर असा हल्ला चढवला असता तर पक्षाने त्याला पुढचं तिकीट दिलं असतं का?

पानगळ:
फिरोज १९३० मध्येच स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले होते. इंदिरांशी लग्न १९४२ चं. एवढं ध्यानात ठेवा.

खतावणी:
कागद मिळणं वेगळं, ते वाचता येणं वेगळं. विमा कंपनीचा ताळेबंद आणि शेअर हस्तांतराच्या तारखा जुळवून दाखवणं हे कुठल्या नात्याने येत नाही. दालमियांच्या वेळी त्यांनी तेच केलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात, १९ जानेवारी १९५६ ला, आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला.

अर्धविराम:
शिवाय घराण्याने हा कायदा जपलाही नाही. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, पत्नीच्याच सरकारने वटहुकूम काढून तो रद्द केला. १९७७ मध्ये जनता सरकारने परत आणला.

उलटतपासणी:
आणि तेव्हाच त्याची उणीवही दिसली. तो फक्त संसदेपुरता होता. विधानसभेचा वृत्तान्त छापणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नव्हतं, आणि जिल्हापत्रांना खरी गरज तिथेच. ती उणीव भरली ४४ व्या घटनादुरुस्तीने, कलम ३६१ अ घालून. श्रेय द्यायचं तर तिलाही द्या.

अर्धविराम:
देतो. पण ३६१ अ आणि १९५६ चा कायदा शेजारी ठेवून वाचा. 'मुख्यत्वे खरा वृत्तान्त' आणि 'द्वेषबुद्धी' या दोन्ही कसोट्या तिथे जशाच्या तशा आहेत. गळली ती फक्त लोकहिताची अट.