'हेलावलो', 'सुन्न झालो' की 'गलबलून आलं'?

अनुस्वार: इटालियन ज्यू लेखक प्रिमो लेव्ही यांच्या, ऑशविट्झ या नाझी छावणीतल्या आठवणींच्या पुस्तकावर (पहिली आवृत्ती १९४७) अभिप्राय लिहायचा आहे. 'हेलावून टाकणारं', 'सुन्न करणारं', 'अंगावर काटा आणणारं' हे तिन्ही शब्द सरसकट एकाच अर्थानं वापरलेले दिसतात. नेमका फरक काय? आणि 'पुस्तक आवडलं' म्हणावं का?

रफार: फरक चांगलाच आहे. पाणी हेलावतं तसं मन हेलावतं, म्हणजे आत ओलावा हवा. इटलीतल्या फॉस्सोलीच्या छावणीतून ऑशविट्झला रवानगी होण्याच्या आदल्या रात्री आयांनी मुलांचे कपडे धुतले आणि पहाटे ते काटेरी तारांवर वाळत होते. हा प्रसंग हेलावून टाकतो. 'पोटात तुटलं' हेही इथं शोभतं. पण त्याच गाडीतल्या ६५० माणसांपैकी फक्त ९६ पुरुष आणि २९ स्त्रिया छावण्यांत घेतल्या गेल्या आणि बाकीचे दोन दिवसांत संपवले गेले, हे वाचून कोणी हेलावत नाही. तिथं 'सुन्न'. संस्कृत शून्य, प्राकृत सुण्ण, मराठी सुन्न. यात भावना उसळत नाही, बंद पडते. म्हणून 'सुन्न होऊन ढसाढसा रडलो' हे जमत नाही. आधी सुन्न, मग केव्हातरी रडू.

उकार: काट्याबद्दल. अंगावर काटा भुताच्या गोष्टीनंही येतो आणि पोवाड्यानंही. लेव्ही पेशानं रसायनशास्त्रज्ञ. लिहिणं कोरडं, आवाज न चढवता. त्याला 'काटा' लावला की लेखकानं मुद्दाम घाबरवल्यासारखं वाटतं. 'थरारक', 'रोमहर्षक' तर मोहिमांच्या वर्णनासाठी ठेवा. 'काळीज पिळवटून टाकणारं' बातम्यांनी इतकं झिजवलंय की आता काहीच पिळत नाही.

अनुस्वार: मग 'मी गलबलून आलो'?

रफार: नाही. 'मला गलबलून आलं.' भडभडून येणं, भरून येणं यांचीही रचना अशीच: माणूस 'ला'मध्ये, क्रियापद नपुंसकलिंगी. 'हेलावलो', 'हादरलो', 'सुन्न झालो' यांना मात्र 'मी' चालतो. आणि 'भडभडून' जपून वापरा, त्याला स्वतःच्या दुःखाचा वास आहे. पुस्तक मिटल्यावर दिवसभर मन खचलेलं राहतं त्याला 'विषण्ण'. त्यात संताप मिसळला की 'उद्विग्न'.

उकार: 'आवडलं' चुकीचं नाही, पण काय आवडलं ते लगेच सांगा: भाषा, संयम, नेमकेपणा. नाहीतर 'भिडलं' बरं. 'वाचवत नाही'ही चालेल, फक्त एक खोच आहे. मराठीत 'वाचणं' म्हणजे वाचन आणि 'वाचणं' म्हणजे जीव वाचणंही. 'वाचलेल्यांच्या आठवणी' असं शीर्षक दिलं तर वाचक अडखळणारच. 'बचावलेले' घ्या, किंवा 'छावणीतून जिवंत परतलेले'. 'पीडित' म्हटलं की परतलेला आणि मारला गेलेला एकाच रांगेत जातात. खुद्द लेव्हींनी हा भेद कटाक्षानं पाळला: खरे साक्षीदार आपण नव्हे, जे परतले नाहीत ते, असं त्यांचं म्हणणं.

रफार: आणखी दोन चुका नेहमी होतात. आठवणींना 'कादंबरी' आणि त्यातल्या माणसांना 'पात्रं' म्हणणं. नाझींनी केलेला ज्यूंचा हा संहार घडलाच नाही म्हणणारे लोक आहेत, त्यांना आयतं कोलीत देऊ नये. दुसरं म्हणजे 'छळछावणी' आणि 'मृत्युछावणी' यांची सरमिसळ. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक या मृत्युछावण्या, माणसं मारण्यासाठीच उभारलेल्या. ऑशविट्झच्या पसाऱ्यात दोन्ही होतं: गॅसच्या कोठड्या बिर्केनाऊला, तर लेव्ही मोनोविट्झच्या श्रमछावणीत.

अनुस्वार: कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिलेल्या पोलिश लोकांनाही 'बचावलेले' म्हणायचं का?

उकार: त्यांना 'निर्वासित'. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश राहिले, बहुतांश कॅथलिक. त्यांना सोव्हिएत सत्तेनं घरांतून उचलून सैबेरिया, मध्य आशियाकडे हाकललं होतं. दुःख मोठंच, पण इतिहास वेगळा.