मदत हवी आहे: 'नॉइसम' म्हणजे गोंगाटाचा की घाण वासाचा?

एकोणिसाव्या शतकातल्या लंडनवरच्या इंग्रजी कथेचा अनुवाद करते आहे. बर्मंडझी भागातल्या गल्ल्यांना 'नॉइसम' विशेषण लावलंय. मी 'गोंगाटाच्या गल्ल्या' असं केलं, पण पुढच्याच वाक्यात माणसं नाकाला रुमाल लावतात. मराठीत काय चालेल?

प्रतिसाद
रुमाल बरोबर सांगतोय. 'नॉइज'शी या शब्दाचं काही नातं नाही. 'अ‍ॅनॉय'चा पहिला स्वर गळून 'नॉय' उरला, त्याला 'टायरसम'मधला 'सम' लागला. म्हणून मूळ अर्थ त्रासदायक, अपायकारक. १६११च्या इंग्रजी बायबलात, ९१व्या स्तोत्रात 'नॉइसम पेस्टिलन्स' येतं; तिथे वास नाही, घातक रोगराई आहे. जुना मजकूर असेल तर हे दोन्ही अर्थ तपासून घ्याच. आज मात्र मळमळ आणणारी दुर्गंधी हाच अर्थ पहिला. शब्द पुस्तकी आहे, रोजच्या बोलण्यात 'स्मेली', 'स्टिंकी' म्हणतात. त्यामुळे 'वास मारणाऱ्या गल्ल्या' केलंत तर भाषा खाली उतरेल.

प्रतिसाद
'दुर्गंधीयुक्त'वरही थांबू नका. इंग्रजी शब्द वास कशाचा ते सांगत नाही, मराठीला ते सांगायची सवय आहे. बंद ट्रंकेतल्या कपड्यांना कुबट वास येतो, तो 'मस्टी'. जुनं खोबरं चावल्यावर घशाशी जे धरतं ते खवट, म्हणजे 'रॅन्सिड'. तेलाचा हवेशी संयोग होऊन ते होतं. या दोघांची अदलाबदल अनुवादात फार दिसते. रबर जळताना नाकाडोळ्यांत झोंबतो तो 'अ‍ॅक्रिड'. मासळीच्या हिंवस वासाला तर इंग्रजीत नेमकं विशेषणच नाही, 'फिशी'वर भागवतात.

तेव्हा आधी सांगा, त्या गल्लीत आहे काय?

धागाकर्ती
कातडी कमावायचे कारखाने.

प्रतिसाद
मग चित्र स्पष्ट आहे. बर्मंडझी हे तेव्हा चामड्याच्या धंद्याचं मोठं केंद्र होतं. केस सुटावेत म्हणून कातडी चुन्याच्या पाण्यात ठेवायची, मऊ करायला कुत्र्याची विष्ठा वापरायची, मग ओकच्या सालीच्या काढ्यात मुरवायची. हा वास कुजकट आणि उग्र, दोन्ही. 'दर्प' शब्द इथे नेमका बसतो, कारण दर्प नाकात घुसतो आणि हटत नाही. 'नॉइसम'मधली मळमळ क्रियापदात आणा: 'कातड्यांच्या कुजकट दर्पाने पोटात ढवळून आणणाऱ्या गल्ल्या'. वाक्य लांबतं, पण पुढचा रुमाल आपोआप पटतो.